चार आण्याची कोंबडी, बारा आण्याची शाई

घरात येणारी यंत्रे दोन प्रकारची असतात. मिक्सर, शिलाई मशीन, कपडे धुण्याचे यंत्र ही पहिल्या प्रकारातली. आठ-पंधरा दिवसांत ती घरची होऊन जातात. त्यांचे आवाज ओळखीचे होतात, त्यांची दुखणी ठरलेली असतात आणि ती बरी करणारा माणूस बाजारात कोठे बसतो हेही ठाऊक असते. दुसऱ्या प्रकारातले यंत्र मात्र वर्षानुवर्षे घरात राहूनही पाहुणेच राहते. त्याची मर्जी सांभाळावी लागते. ते कधी रुसेल ते सांगता येत नाही आणि रुसले तर नेमके का रुसले, हे ते धड सांगतही नाही. संगणकाला जोडलेला प्रिंटर हा या दुसऱ्या प्रकाराचा मुकुटमणी म्हणावा लागेल.

त्याच्या रुसण्याचा मुहूर्तही ठरलेला असतो. मुलीला शाळेचा प्रकल्प उद्या सकाळी द्यायचा असतो, रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात आणि झेरॉक्सचे दुकान बंद झालेले असते. नेमका त्या वेळी लाल दिवा लुकलुकू लागतो. 'कागद अडकला आहे' असा निरोप येतो. झाकण उघडून पाहावे तर आत कागदाचा कपटाही नसतो. कधी काळ्या अक्षरातले साधे पत्र छापायचे असते आणि यंत्र म्हणते, निळी शाई संपली. काळ्या पत्राला निळी शाई कशाला, असे विचारायची सोय नसते.

बहुतेक घरे या प्रकाराकडे हसून दुर्लक्ष करतात. पण या चिडचिडीच्या मुळाशी एक साधा आणि तितकाच गंभीर प्रश्न आहे. पैसे मोजून घरी आणलेली वस्तू खरोखर कोणाची असते? आपली, की ती बनवणाऱ्याची?

छापखाना घरी आला

नवीन पनवेलला लागून, गाढी नदीच्या परिसरात वसलेले विचुंबे हे एकेकाळचे भातशेतीचे गाव. आज तिथे जुन्या घरांच्या शेजारी इमारती उभ्या आहेत. 2013 साली नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्राचे, म्हणजे 'नैना'चे, नियोजन सिडकोकडे गेले आणि त्यातल्या पहिल्या आराखड्यातल्या 23 गावांत विचुंबे आले. गावाचे असे रूपांतर होऊ लागले की सर्वांत आधी वाढतो तो कागद. जुन्या घरात सातबारा, फेरफार, वारसनोंद. नव्या इमारतीत भाडेकरार, कर्जाचे अर्ज, सोसायटीच्या नोटिसा. शिवाय दोन्हीकडे मुलांच्या परीक्षांची प्रवेशपत्रे आहेतच.

संगणक आला की कागद जाईल, असे आपल्याला सांगण्यात आले होते. ते अर्धेच खरे ठरले. महाराष्ट्रात 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा संकेतस्थळावरून मिळू लागला. तलाठ्याच्या कार्यालयातले हेलपाटे वाचले, ही मोठीच सोय झाली. रेल्वेचे तिकीट, बँकेचे विवरणपत्र, विजेचे बिल, आधारची प्रत हे सगळे घरबसल्या मिळते. पण बँकेत किंवा शाळेत गेल्यावर खिडकीपलीकडचा माणूस अनेकदा म्हणतोच, 'याची एक प्रिंट काढून आणा.' म्हणजे कागद गेला नाही. तो छापण्याचे काम कार्यालयातून आपल्या घरी आले. कार्यालयात त्यासाठी यंत्र होते, दुरुस्तीचा करार होता, शाईचा खर्च सरकारी होता. घरी या तिन्ही गोष्टी आपल्या गळ्यात पडल्या.

2020 च्या टाळेबंदीत हे फार ठळकपणे जाणवले. शाळा मोबाइलच्या पडद्यावर आली, रोजच्या कृतिपत्रिका पाठवल्या जाऊ लागल्या आणि दुकाने बंद. त्या वर्षी अनेक घरांनी पहिला प्रिंटर घेतला. त्यांतले कितीतरी आज कपाटावर जुन्या चादरीखाली विसावलेले दिसतील.

बुडबुड्याची करामत

हे यंत्र इतके नाजूक का, हे समजून घेण्यासाठी आत डोकवावे लागेल. घरगुती यंत्रांत सर्वाधिक दिसतो तो शाईचे थेंब उडवणारा इंकजेट. त्याच्या जन्माची एक गोष्ट सांगतात. 1977 साली जपानच्या कॅनन कंपनीत इचिरो एंडो हे संशोधक काम करत असताना तापलेली डाग देण्याची सळई चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि सुईच्या टोकातून शाईचा थेंब उडाला. उष्णतेने आत बुडबुडा होतो आणि तो शाईला बाहेर ढकलतो, हे त्यातून लक्षात आले. अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्डचे संशोधकही स्वतंत्रपणे याच कल्पनेपर्यंत पोचले आणि 1984 साली त्यांचा 'थिंकजेट' बाजारात आला. एप्सनने बुडबुड्याऐवजी विजेने किंचित वाकणाऱ्या स्फटिकाचा मार्ग धरला.

दोन्ही पद्धतींत शाई बाहेर पडते ती केसाहूनही बारीक छिद्रांतून. शाईत मुख्यतः पाणी असते. आठवडेच्या आठवडे यंत्र वापरले नाही की ते पाणी उडते आणि छिद्रे बुजतात. मग यंत्र स्वतःची सफाई सुरू करते. ही सफाई शाईनेच होते! म्हणजे आपण काहीही न छापता शाई संपत असते. ही वाया गेलेली शाई यंत्राच्या पोटातल्या स्पंजसारख्या गादीत साठते. गादी भरत आल्याचा हिशेब यंत्र मनाशी ठेवते आणि ठरलेला आकडा गाठला की अनेक यंत्रे सरळ काम थांबवतात. बाहेरून धडधाकट दिसणारा प्रिंटर अचानक 'सेवा केंद्राशी संपर्क साधा' म्हणतो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

काळ्या पत्राला निळी शाई लागण्याचे रहस्यही इथेच आहे. काळा रंग अधिक गडद दिसावा म्हणून कित्येक यंत्रे त्यात इतर रंग मिसळतात. शिवाय रंगांची छिद्रे ओली राहावीत यासाठी थोडी शाई खर्च करतात. कारण तांत्रिक आहे हे मान्य. पण घरातल्या माणसाला 'चालेल, फिकट छाप' म्हणण्याचा अधिकार असावा की नाही?

दुसरा प्रकार लेझरचा. त्यात शाई नसते. टोनर नावाची प्लॅस्टिकची बारीक भुकटी असते. स्थिर विद्युतभाराने ती कागदावर अक्षराच्या आकारात चिकटते आणि तापलेल्या रुळाखालून जाताना वितळून पक्की बसते. भुकटी वाळत नाही, त्यामुळे महिना-दोन महिने बंद राहिलेला लेझरही लगेच छापतो. मात्र तो रूळ तापताना यंत्र क्षणभर इतकी वीज ओढते की घरचा छोटा इन्व्हर्टर कुरकुरतो. पावसाळ्यात वीज ये-जा करणाऱ्या भागात ही गोष्ट लक्षात ठेवावी.

पावसाळ्यावरून आठवले. कोकणपट्टीतल्या प्रिंटरचा खरा शत्रू म्हणजे जून ते सप्टेंबरची हवा. कागद हा ओल शोषणारा पदार्थ. दमट कागद वाकतो, एकमेकांना चिकटतो आणि दोन-दोन पाने एकदम आत शिरतात. पावसाचे दिवस सुरू झाले की झेरॉक्सच्या दुकानात 'वहिनी, कागदाचा पुडा उघडाच होता का?' हा प्रश्न ऐकू येतो, तो उगीच नव्हे. कागद ओढणारा रबरी रूळही धुळीने गुळगुळीत होतो. किंचित ओल्या फडक्याने तो पुसला तर 'बिघडलेले' यंत्र पुष्कळदा चालू लागते.

आणखी एक त्रास परदेशातून आलेला. अमेरिकेत पत्राचा कागद 'लेटर' मापाचा असतो, आपल्याकडे ए-4 चालतो. अनेक प्रोग्रॅम मुळात अमेरिकी मापावर बेतलेले असतात. त्यामुळे आपला प्रिंटर समोर ए-4 चा गठ्ठा असूनही भलताच कागद मागत बसतो. 1999 सालच्या 'ऑफिस स्पेस' या अमेरिकी चित्रपटात तीन कर्मचारी छळवादी यंत्र माळरानावर नेऊन बॅटने फोडतात. तिथल्या प्रेक्षकांनी ते दृश्य डोक्यावर घेतले यावरून दुखणे जागतिक आहे हे कळते!

फिकट, पण छापणारी फीत

जुन्या पिढीतल्या वाचकांना टर्रर्र आवाज करणारा डॉट मॅट्रिक्स आठवत असेल. बँका, रेल्वे, सरकारी कार्यालये यांचे काम त्याने वर्षानुवर्षे ओढले आणि पासबुक छापण्याचे काम त्याची भावंडे अजूनही करतात. या यंत्रांच्या इतिहासात एप्सनचे नाव मोठे. 1968 साली या कंपनीने 'ईपी-101' नावाचे छोटे छपाई यंत्र काढले. ईपी म्हणजे इलेक्ट्रिक प्रिंटर. त्यापुढची यंत्रे म्हणजे ईपीची मुले, 'सन ऑफ ईपी', म्हणून एप्सन हे नाव पडले. भारतात विप्रो आणि टीव्हीएस यांची यंत्रे घरोघरी नव्हे, पण कार्यालयोकार्यालयी पोचली.

मराठी छपाईची त्या काळातली कथा निराळीच. रोमन अक्षरांसाठी आखलेल्या 9 सुयांच्या यंत्राला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार हा पसारा एका ओळीत मावेना. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि 1988 साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेलेले 'जिस्ट' तंत्रज्ञान आले, तेव्हा देवनागरी पडद्यावर आणि कागदावर नीट उमटू लागली. पुढे प्रत्येक कंपनीचे फाँट वेगळे झाले आणि एका संगणकावरचे मराठी पत्र दुसऱ्यावर अगम्य चिन्हांत छापले जाऊ लागले. युनिकोड आणि र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' फाँट यांनी तो गोंधळ बराच कमी केला. तरी दुकानात मराठी मजकूर छापायला न्यायचा तर पीडीएफ करूनच न्यावा, हे शहाणपण आजही उपयोगी पडते.

त्या जुन्या यंत्राचा एक गुण मात्र आज दुर्मीळ झाला आहे. त्याची फीत जुनी झाली की अक्षर फिकट होई, पण उमटे. अजून चार दिवस ओढायचे की नवी फीत घालायची, हे माणूस ठरवी. आजच्या यंत्रात कार्ट्रिजवर छोटी चिप असते आणि ती यंत्राला सांगते की शाई संपली. तळाशी थोडी शाई उरलेली असली तरी निर्णय चिपचा!

मसाल्याचा हिशेब

'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' ही म्हण आपल्या पूर्वजांनी प्रिंटर न पाहताच कशी रचली याचे नवल वाटते. यंत्र स्वस्तात द्यायचे आणि नफा शाईतून काढायचा, हे या धंद्याचे उघड गुपित आहे. दोन-तीनदा कार्ट्रिजचा संच बदलला की तेवढ्यात नवा प्रिंटर आला असता, हा अनुभव अनेक घरांनी घेतला आहे.

खोक्यावर 'इतकी पाने' असे लिहिलेले असते, त्याचाही अर्थ पाहू. साधारणपणे हा आकडा पानाचा जेमतेम 5 टक्के भाग शाईने भरेल असे धरून काढतात. चार ओळींच्या पत्राला हे ठीक. पण मुलाने संपूर्ण पानभर निळा समुद्र असलेला नकाशा छापला तर तेवढी शाई वीस पत्रांची झाली. समजा, कार्ट्रिज 200 पानांचे आहे आणि घरात महिन्याला 10 पाने छापली जातात. हिशेबाने ते वीस महिने पुरायला हवे. प्रत्यक्षात वाळणे आणि सफाई यांतच त्यातला मोठा भाग जातो. म्हणजे कमी छापणाऱ्या घराला एकेक पान अधिक महाग पडते!

यावर पर्याय म्हणून लोक कार्ट्रिज पुन्हा भरून घेतात किंवा दुसऱ्या कंपनीचे घेतात. इथेच मालकीचा प्रश्न उभा राहतो. सप्टेंबर 2016 मध्ये एचपीच्या काही यंत्रांनी जगभर एकाएकी दुसऱ्यांची कार्ट्रिज नाकारली. आधीच यंत्रात गेलेल्या प्रोग्रॅमने ते घडवले होते. ओरड झाल्यावर कंपनीने दिलगिरी व्यक्त केली आणि त्या यंत्रांसाठी सुटकेचा मार्ग दिला. पण असे अडसर घालण्याचे धोरण सोडले नाही. 2020 साली इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने अशा निर्बंधांची माहिती ग्राहकाला नीट न दिल्याबद्दल कंपनीला एक कोटी युरोंचा दंड केला. लेक्समार्क कंपनीच्या प्रकरणात 2017 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कार्ट्रिज एकदा विकले की त्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. घेणाऱ्याने ते पुन्हा भरले तर पेटंटच्या आधारे त्याला अडवता येणार नाही. कायदा ग्राहकाच्या बाजूने बोलला, पण चिपला कायदा वाचता येत नाही.

या भांडणाची मुळे आणखी जुनी आहेत. 1980 च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेच्या प्रयोगशाळेला झेरॉक्सने एक लेझर प्रिंटर दिला. त्यात वारंवार कागद अडके. रिचर्ड स्टॉलमन या तरुणाने आधीच्या यंत्रात अशी सोय केली होती की कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप जाई. नव्या यंत्रात तो हेच करू पाहत होता; पण त्याचा मूळ प्रोग्रॅम त्याला मिळाला नाही. ज्याच्याकडे तो होता त्याने गुप्ततेच्या कराराचे कारण सांगून नकार दिला. वापरणाऱ्याला आपले यंत्र दुरुस्त करण्याची मुभाच नसेल तर काय, या विचाराने अस्वस्थ झालेल्या स्टॉलमनने 1983 साली ग्नू प्रकल्प जाहीर केला. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा उगम सांगताना स्वतः स्टॉलमन या अडकलेल्या कागदाची आठवण देत आले आहेत.

जुगाडाचा विजय

सगळीच कथा निराशेची नाही. इंडोनेशियातल्या दुकानदारांनी प्रिंटरच्या बाहेर शाईच्या बाटल्या लावून त्यातून बारीक नळ्या आत सोडण्याची युक्ती काढली होती. आपल्याकडेही सिरिंजने शाई भरणारे कारागीर गल्लोगल्ली होते. कंपन्या आधी याकडे डोळे वटारून पाहत. अखेर 2010 साली एप्सनने इंडोनेशियात स्वतःच टाकी असलेला प्रिंटर आणला आणि तो लवकरच भारतातही आला. यंत्र महाग, शाई स्वस्त, असा हिशेब उलटा झाला. इतर कंपन्यांनाही त्या वाटेने जावे लागले. म्हणजे गिऱ्हाईक अडून बसले तर कारखानदारही बदलतो.

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये 'दुरुस्तीच्या अधिकारा'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू झाले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे तेव्हा पुढे ठेवली गेली. त्या यादीत प्रिंटरचे वेगळे नाव नव्हते. ते यायला हवे, आणि त्यासाठी ग्राहक संघटनांनी आवाज उठवायला हवा. बिघडलेले यंत्र आणि रिकामे कार्ट्रिज दोन्ही ई-कचऱ्याच्या नियमांत येतात. ती ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायची नसतात. पण दुरुस्त होऊ शकणारे यंत्र कचरा होऊच नये, हे त्याहून चांगले.

तोवर घरापुरते काय करावे? महिन्याला चार-सहा पानेच लागत असतील आणि ती काळीच असतील तर साधा लेझर बरा. मुलांना रंगीत पाने नेहमी लागत असतील तर टाकीचा प्रिंटर. मात्र आठवड्याला एक रंगीत पान छापायचे व्रत पाळावे लागेल. यंत्र भिंतीवरच्या बटणाने न मिटवता त्याच्या स्वतःच्या बटणाने मिटवावे, म्हणजे शाईचे तोंड झाकले जाते. कागदाचा पुडा बंद ठेवावा. विकत घेताना चार प्रश्न विचारावेत: शाईचा संच कितीला, दुसऱ्या कंपनीची शाई चालेल का, वाया गेलेल्या शाईची गादी घरी बदलता येते का, आणि सेवा केंद्र पनवेलमध्ये आहे की थेट मुंबईत?

दुकानदाराने या चारांपैकी एकाचेही सरळ उत्तर दिले नाही, तर यंत्र तिथेच ठेवून यावे. महिन्यातून दोनदा झेरॉक्सच्या दुकानात पायी गेले तर काही रुपयांत काम होते, चालणे होते आणि यंत्र रुसले तर त्याची समजूत घालण्याची जबाबदारी दुसऱ्याची असते.